थांबल्या पाण्याचा गाळ

“कानानं नाई पोरी, बोटानं आयक.”

केशोराव बुढ्याचा आवाज. तीस वर्षांमागचा. बुढ्याला जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. पण कार्तिकात वाघनदी उतरली, काठच्या ओल्या गाळाला पहिली भेग गेली, की तो आवाज रुख्माच्या कानात उठायचाच. तेव्हा ती नवी नवरी होती; नखांतली हळद अजून गेली नव्हती. सासऱ्यानं तिला नदीकाठी उभं केलं आणि तिच्या तळहातावर चिमूटभर ओली माती ठेवली.

“मळ. आंगठा फिरव. खरखर बोलते ते रेती. गोचिडावानी चिकटते ते कन्हार. अन् जे बोलत नाई, चिकटत नाई, पिठावानी गुपचूप राह्यते, तो गाळ. रेती बोलकी असते पोरी. नदीचा दम जरासा सरला का पह्यले तिलेच खाली टाकते. गाळ मुका. तो दूर जाते. पानी जिथं थांबन, तिथंच बसते.”

आज उजाडल्यापासून तोच आवाज, आणि रुख्मा एका जागी टेकत नव्हती. चूल पेटवली, ती तशीच धुपत सोडून अंगणात आली. सडा अर्धा टाकला, घागर तिथंच ठेवून कोठ्यात गेली. बैलाच्या पाठीवर हात ठेवला न ठेवला, परत बाहेर. वारा सुटला की तुळशीपुढची राख जशी इकडून तिकडे होते, तशी ती.

“अवो, उठा ना! पटवारी येऊन राह्यला आज.”

खुशालनं घोंगडीतून तोंड काढलं. “पटवारी का कोंबडा आहे, उजाडताच आरवाले? येईन जेवूनखाऊन.”

“गाळाची ओल आठ दिसाची. वरतून भेगा पडून राह्यल्या. आज कागदावर नाव नाई चढलं तं लाखोरीचं बी कधी फेकाल? वाल कधी लावाल, होळीले?”

“चढन व नाव! नऊ वर्षं नाई चढलं, एका पहरानं कोन मरते?”

“मी मरतो,” रुख्मा म्हणाली आणि पुन्हा कोठ्यात गेली. तिथं तिचं काहीच काम नव्हतं.

नऊ वर्षं. झेंड्याच्या साली, म्हणजे शाळेपुढे पहिल्यांदा तिरंगा चढला त्या पावसाळ्यात, वाघनदी तीन दिवस करंजटोला गावाच्या पायरीशी येऊन बसली होती. उठली तेव्हा काठच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं, नाहीशा झाल्या होत्या. एक मोठी, खुशालची. तिला लागून एक लहान, झामसिंगची. निसवलेलं धान, बांध्यांमधले मातीचे धुरे, पाण्याच्या वाटा, सगळ्यांवर मांडीभर पांढरी रेती. लोकांनी हात झटकले. गेली म्हणाले. तेव्हाच्या पटवाऱ्यानं कागदावर तिथं ‘नदी’ लिहून टाकलं. खुशालकडे उरली ती टेकडीखालची बरड. तिच्यात धानापेक्षा गोटे जास्त पिकायचे. रुख्मा मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची, तेव्हा कुठं संध्याकाळी भाताचं आधण चढायचं.

पण ती काही ‘गेली’ म्हणायला तयार नव्हती. पुढच्याच जेठ महिन्यात, पावसाआधी, तिनं बोरीच्या काट्या तोडल्या, पाण्याच्या वाटेला आडव्या ओळीनं रेतीत रोवल्या, मधून पळसाच्या फांद्या गुंफल्या. गाव पोट धरून हसलं.

“नदीले कुंपन घालते खुशालची बायको! उद्या ढगाले दावं बांधन!”

रुख्मा ऐकायची आणि काट्या रोवत ओठांतल्या ओठांत म्हणायची,

*नदीमाय माझे बाई, तुझे दोन गं हात,*
*एकानं नेते वावर, दुज्यानं वाढते भात.*

पूर यायचा. पाणी त्या काट्यांत शिरलं की अडखळायचं, घुटमळायचं, त्याची चाल मोडायची. आणि चाल मोडली की ओच्यात बांधून आणलेलं सगळं त्याच्या हातून सुटायचं. कुठकुठल्या डोंगराची माती, सालेकश्याकडच्या जंगलातला सडका पाला, वरच्या गावच्या वावरांची साय. पहिल्या साली बोटभर गाळ बसला. दुसऱ्या साली दोन बोटं. रुख्माचे हात काट्यांनी फाटायचे. ती खोबरेल लावायची आणि पुढच्या जेठाची वाट पाहायची.

झामसिंग जंगलकटाईच्या कामावर जायचा. दर जेठात तो कोणी न सांगता काट्यांचे दोन भारे तिथं आणून टाकायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, “डोक्यावर जड झाले, म्हून टाकले.”

असं करता करता रेतीचं कछार झालं. कछार म्हणजे नदीनं आपल्या हातानं अंथरलेली जमीन; बी टाकून पाठ फिरवावी आणि मागं वळून पाहावं तर कोंब. पण नदी सगळ्यांना सारखं वाढत नाही. पाण्याजवळ, जिथं पुराचा जोर, तिथं रेतीचाच उंचवटा आणि वर जेमतेम चार बोटं गाळ. दूर, झामसिंगच्या अंगाला, एक खोलगट पट्टा होता, बारा पावलं रुंद. सगळीकडचं पाणी उतरलं तरी तिथं पंधरा पंधरा दिवस थांबून राहायचं. त्या पट्ट्यात गाळ कंबरभर. खरं कछार तेच. बाकी सगळं त्याच्या पदराचे काठ.

आणि त्या बारा पावलांची गोष्ट रुख्माच्या पोटात तीस वर्षं होती.

पटवारी शालीकराम आला तो दुपार कलताना, सायकल हातात धरून, बस्ता खांद्याला अडकवून. धोतराला चिखल, तोंडात पान. मालगुजारी गेल्यापासून गावोगावचे नकाशे नव्यानं होत होते, आणि त्याच्या बस्त्याला गावकरी पोथीसारखे भ्यायचे.

“देखो भाई,” त्यानं नकाशाचं कापड गुडघ्यावर पसरलं, “सरकारी कागदात इथं नदी वाहते. नदीत वांगी लावायची तर आधी नदी हटवा.”

“नदी तं कवाचीच हटली जी,” खुशाल म्हणाला. “तुमचा कागदच वल्ला राह्यला.”

शालीकराम हसला. “जबान चांगली आहे तुझी. पण मला जबान नको, धुरा पाहिजे. ही नवी उपजलेली जमीन असेल तर सरकारची. पुरानी बांधी खाली असेल तर तुमची. दाखवा खाली बांधी. दाखवा दोघांमधला धुरा. इथंच नाव चढवतो.”

“दाखवतो ना! गाडलेली बायको ओळखू नाई येत, पन गाडलेला धुरा येते.”

“बोलनं पाहा यांचं!” रुख्मा करवादली.

झामसिंग आणि त्याची बायको फुलवंता आधीच येऊन उकिडवे बसले होते. झामसिंग कमी बोलणारा, सागाच्या ओंडक्यासारखा. फुलवंता त्याच्या वाटणीचं बोलायची.

“खंदा बाप्पा खंदा,” ती म्हणाली. “आमचं तं कपारावर टिकला ठेवाएवढं आहे. तेही निंगन का नाई कोन जाने.”

खुशालनं खोलगट पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला टाच मारली. “धुरा इथं. माह्या डोक्यात आहे. लहानपनी याच्यावर बसून पाखरं हाकलत होतो मी... नाई, लहानपनी नाई. गोंदियाच्या राइस मिलीतून परत आलो तवापासून पक्का ध्यानात आहे.”

रुख्मानं पदर तोंडात धरला. मिलीतून परत आलो तेव्हापासून. खरं बोलत होता बिचारा. त्याला जे दिसलं तेवढंच तो बोलत होता.

दोघा पुरुषांनी खणायला घेतलं. रुख्मा टोपलीनं माती उपसू लागली. गाळ सुरीनं कापावा तसा कापला जात होता, आणि खड्ड्याची भिंत उघडी पडत होती. थरावर थर. प्रत्येक थराच्या तळाशी बारीक रेतीची भुरी दोरी, तिच्यावर काळपट मऊ गाळ. पाणी धावत आलं तेव्हाची रेती. पाणी थांबलं तेव्हाचा गाळ. पुन्हा दोरी, पुन्हा गाळ. रुख्माला ती भिंत वाचता येत होती. हा जाड थर लेकीच्या, सुशिलाच्या लग्नाच्या सालचा. तेव्हा मांडवातच पाणी आलं होतं. हा कागदाएवढा, पाऊस रुसला त्या सालचा. ह्या थरात बोरीचा काटा सापडला, काळा पडलेला. तिनंच रोवलेला. तिनं तो उचलून पदराच्या गाठीत बांधला. कशाला, तिलाही ठाऊक नव्हतं.

“बाई, बसा ना घडीभर,” फुलवंता म्हणाली. “टोपली रिकामी घेऊन कायले फिरून राह्यल्या?”

खरंच टोपली रिकामी होती.

गाळ सरला. पांढरी रेती लागली, खळाखळा ढासळणारी, नऊ वर्षांत एक शब्द न विसरलेली. ती मांडीभर उपसली. मग झामसिंगची सब्बल धप्पकन थांबली.

“तवा!” खुशाल ओरडला. “पटवारीसाहेब, या, उतरा खाली! नदीच्या पोटात रेती राह्यते, गोटे राह्यते, मासे राह्यते. तवा राह्यते का? बैलाचे खुर अन् नांगराचा फाळ शंभर वर्षं चिखल तुडवते, मंग कोठी असा तवा बसते!”

शालीकरामनं धोतर वर खोचून खाली पाय ठेवला, टाच आपटून पाहिली. काळं, कडक, सारवल्यासारखं. चिखलणीनं पिढ्यानपिढ्या थापटलेला बांधीचा तळ. त्यावर एक धानाचं धसकटही सापडलं, रेतीत निजलेलं.

“मान्य,” तो म्हणाला. “पुरानी बांधी आहे. आता धुरा.”

आणखी दोन हात बाजूला सरकून कापलं, तसा तव्यावर आडवा पडलेला एक उंचवटा रेतीतून पाठ काढू लागला. गुडघाभर. सरळ, लांब. धुराच. अगदी खुशालनं टाच मारली होती तिथं.

“निंगाला ना?” खुशालला आनंद मावेना. “सांगतलं होतं ना! हा पट्टा इकडे. रुख्मे, पाह्य! ह्या पट्ट्याबिगर का होतं आपल्यापाशी? रेतीच चाटाची होती.”

“तुमचा धुरा तं पोळ्याच्या बैलावानी सजून बाहेर आला,” फुलवंता म्हणाली. ती उठून पलीकडे गेली. आपल्या वाटणीचं पावलांनी मोजू लागली. चौदा भरलं. पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा.

झामसिंग मात्र खड्ड्यातच होता. सब्बल टेकवून तो त्या धुऱ्यापुढे वाकला. धुऱ्याची चिमूटभर माती उचलली. थुंकी लावली. अंगठा फिरवला.

रुख्मा खड्ड्याच्या काठावरून खाली वाकली.

बांधी कन्हारची, काळ्या चिकणमातीची. तर तिचा धुराही कन्हारचा असतो. बांधीतलीच माती ओढून लोक धुरा घालतात. ती बोटाला गोचिडासारखी चिकटायला पाहिजे. झामसिंगच्या बोटाला काहीच चिकटलं नाही. पिवळसर, मऊ, मुकी माती. नदीकाठची. धुऱ्याची माती आणि बांधीची माती एका आईची नव्हती.

त्यानं पुन्हा एकदा मळली. मग हळूच मान वर केली. पटवाऱ्याकडे पाहिलं नाही, खुशालकडेही नाही. रुख्माकडे पाहिलं. आणि हात धोतराला पुसला.

तीस वर्षांमागचा तो जेठ. खुशाल गोंदियाला मिलीत होता. शेजारचा लालसिंग, झामसिंगचा बाप, सगळ्या घरादाराला घेऊन दूर जंगलात कटाईवर गेलेला. तिकडेच तापानं पडला, पोळ्यापर्यंत आला नाही. केशोराव बुढा एका दुपारी सुनेला म्हणाला, “पोरी, टोपली घे.” तोच हात, ज्यानं तिला माती ऐकायला शिकवली. “त्या खोलगटात पानी थांबते. पानी थांबते तिथं सोनं बसते. ते लालसिंगच्या कोन्या कामाचं? त्याले तं जंगल आहे.” बांधीत खणलं असतं तर खड्डे दिसले असते, म्हणून माती नदीकाठून आणायची. चार दिवस रुख्मानं ती डोक्यावर वाहिली. बुढा रचत गेला. जुन्या धुऱ्यावर एक सिंदीचं झाड होतं. तोडलं, बुंधा तिनंच पेटवला, पुरता जळेना म्हणून तसाच गाडला. जुना धुरा नांगराखाली पसरून गेला. पाचव्या दिवशी पाऊस आला आणि सगळ्यावर हिरवं पांघरूण पडलं.

“कोनापाशी बोलू नोको,” बुढा म्हणाला. “खुशालपाशी बी नाई.”

सतरा वर्षांची सून. ती काय बोलणार? लालसिंग परत आला तेव्हा त्या नव्या धुऱ्यावर बराच वेळ उभा राहिला, काठी टेकून. मग खाली उतरून आपल्या बांधीत गेला. नांगरायला तो बैल केशोरावकडूनच न्यायचा. त्या वर्षी महाशिवरात्रीला, दरसाल जाणारा बुढा नागऱ्याच्या महादेवाला काही गेला नाही. पाय दुखतात म्हणाला. पाय त्याचे धड होते.

आणि नदी? तिला का कळलं नव्हतं? तिनं तर सगळंच झाकून टाकलं होतं. रेतीच्या पांघरुणाखाली दोन्ही धुरे सारखेच निजले होते. मीच उकरलं, रुख्माच्या मनात आलं. काट्या रोवून, गाळ बसवून, पटवाऱ्याला बोलावून. हा पट्टा माझ्या फाटलेल्या हातांनी भरला. नऊ जेठ. माझा नाही तर कोणाचा?

मग तिला ते काट्यांचे भारे आठवले. दर जेठातले. डोक्यावर जड झाले म्हणून टाकलेले.

“झामसिंग,” शालीकरामनं टाक शाईत बुडवला. “शेजारी तू. धुरा हाच ना? तुझं काही म्हणणं असेल तर आत्ता बोल. मागून कचेरीत रडत येशील तर मी ओळखणार नाही.”

“बोला ना जी!” फुलवंता म्हणाली. “मुके बसले ते! चौदा पावलं होते. चौदा पावलांत का होते? बकरी बसली तं शेपूट बाहेर राह्यते!”

झामसिंगनं खांदे हलवले. “माह्या बुढ्यानं बी काही म्हनलं नोतं. मी का म्हनू?”

“म्हणजे कबूल?”

“लिवा जी.”

“झालं तर!” खुशाल खड्ड्यातून वर आला, झामसिंगच्या पाठीवर चिखलाची थाप मारली. “शेजार असावा तं असा. वालाच्या शेंगा पह्यले तुह्या घरी जातीन गा झामसिंगभाऊ. फुलवंतावैनी, तोंड नोका पाडू! रुख्मे, घरी जा, बी काढ. दिवस आहे तोवर एक तास फेकू लाखोरी. मुठी भरून—”

रुख्मा घराकडे वळली नाही. नदीवरून वारा आला, काशीच्या गवताचे तुरे एका अंगाला झुकले. वरचा गाळ वाळून चिरफळत होता, अगदी बारीक आवाज करत, कोणी कोरडे ओठ उघडावेत तसा. हातातली टोपली तिनं खाली ठेवली, पालथी.

“शाई वाळते बाई,” शालीकराम म्हणाला. “नाव सांगा. खुशाल वल्द केशोराव. बरोबर?”

“थांबा जी.”

“आता का झालं?” खुशालनं वळून पाहिलं. “काऊन थांबाचं?”

ती खड्ड्यात उतरून धुऱ्यावर पाय ठेवून उभी राहिली, त्याच पिवळ्या मातीवर, मग वर चढून चालू लागली. आपल्याच बाजूला. खोलगटातून, कंबरभर गाळाच्या त्या मऊ पट्ट्यावरून. पाऊल रुतत होतं, निघत होतं.

“रुख्मे! कोठी चालली व?”

“पावलं मोजून राह्यली बाई,” फुलवंता पुटपुटली.

सात. आठ. भेगांतून ओल वर येत होती. दहा. खुशाल अजून हसतच होता, त्याला वाटत होतं बायको आनंदानं आपलं कछार फिरून पाहते आहे. अकरा.

बाराव्या पावलावर ती थांबली. दिवसभरात पहिल्यांदा. पायाचा अंगठासुद्धा हलत नव्हता. सगळेजण तिच्याकडे पाहत होते; झामसिंगनं तेवढी मान खाली घातली होती.

“इथं खंदा,” रुख्मा म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, फार खालून आल्यासारखा. “सिंदीचा बुंधा लागन. जळका. खरा धुरा इथं होता जी. तो तुम्ही लिवून राह्यले तो मामंजीनं घातला. लालसिंगबुढा जंगलात तापानं पडला होता तवा. अन् तुम्ही असे पाहू नोका माह्याकडे,” ती खुशालला म्हणाली, “तुम्हाले ठाव नाई. माती मी वाह्यली. चार दिस. ह्या डोक्यावर.”